शनिवारपुरती पाठ

इंग्लंडचा व्यावसायिक वेगवान गोलंदाज मी पहिल्यांदा जवळून पाहिला तो आमच्या गॅरेजमध्ये, कचऱ्याच्या नव्याकोऱ्या डब्यात, कमरेपर्यंत बर्फात उभा असलेला. फ्लॅट बुश या उपनगरातल्या आमच्या घरी येऊन त्याला आठवडासुद्धा झाला नव्हता. पहिली मॅच खेळून परतताना त्याने पेट्रोल पंपावरून बर्फाच्या पिशव्या आणल्या, चाकांच्या त्या उंच डब्यात ओतल्या आणि स्वतः आत शिरला. सासूबाई धुणं वाळत घालायला तिकडे गेल्या आणि उलट्या पावली परतल्या.

"अगं, तो मुलगा कचऱ्याच्या डब्यात उभा आहे! आणि मला बघून हसला!"

मी धावत गेले. ओठ निळे पडले होते, दात वाजत होते, तरी त्याने मला "सॉरी, वहिनी" म्हटलं. टीममधले सगळे वहिनी म्हणतात म्हणून तोही वहिनीच म्हणायचा. डबा दुकानातून नवा आणलाय, तुमचा वापरातला नाही, हे त्याने दोनदा सांगितलं. दिवसभर बोलिंग केल्यावर पाय असे गार केले नाहीत तर दुसऱ्या दिवशी जिना उतरता येत नाही, म्हणाला. मला ते माहीत होतं. पुण्यात नऊ वर्षं मी एका हाडांच्या हॉस्पिटलात फिजिओथेरपिस्ट होते.

मी रागीट बाई आहे. माहेरी, सासरी, कामावर, सगळीकडे हे ऐकलंय आणि ते खरं आहे. ही गोष्ट घडून आता वर्ष होईल. लोक सांगतात की लिहिलं की मन हलकं होतं. माझं काही हलकं होत नाहीये. मी लिहितेय कारण ज्यांना राग यायला हवा होता त्यांच्यातल्या एकालाही आला नाही, आणि सगळा माझ्या एकटीच्या वाट्याला आलाय.

तो आमच्याकडे का राहत होता ते आधी सांगते. इंग्लंडमध्ये हिवाळा असतो तेव्हा इथे उन्हाळा असतो, म्हणून तिथले पोटासाठी क्रिकेट खेळणारे तरुण चार-पाच महिने इथल्या क्लबांकडून खेळायला येतात. मॅच खेळायच्या, आठवड्यातून दोनदा क्लबच्या लोकांना शिकवायचं, आणि क्लबमधल्याच कुणाच्या तरी घरी राहायचं. आमचा क्लब म्हणजे पुण्या-मुंबईहून आलेले इंजिनियर आणि सॉफ्टवेअरवाले, चाळिशीच्या अलीकडचे-पलीकडचे. गेली काही वर्षं एकाच ग्रेडमध्ये, म्हणजे क्लब-स्पर्धेच्या एकाच पायरीवर, अडकून पडले होते. वरच्या ग्रेडमध्ये जायचं म्हणून त्यांनी यंदा "प्रो" आणायचं ठरवलं. माझा नवरा टीमचा कॅप्टन, आणि आमची वरची एक खोली रिकामी. झालं, प्रो आमच्याकडे.

चोवीस वर्षांचा होता. ताडमाड उंच, खांद्यात रुंद, आणि स्वभावाने इतका मऊ की हा माणूस दुसऱ्याच्या बरगड्यांवर बॉल कसा फेकतो असं वाटावं. सासूबाई सहा महिन्यांसाठी आल्या होत्या. त्यांना इंग्लिश येत नाही, त्याला मराठी येत नव्हतं, पण दोघांचं उत्तम जमलं. सकाळी त्या त्याला थालीपीठ लावून द्यायच्या आणि तो चार-चार खायचा. मी मधे बसून याचं त्यांना, त्यांचं याला सांगायचे. तशाच एका सकाळी त्याची सगळी कहाणी मी सासूबाईंना मराठीत सांगितली, तो बोलत असताना, वाक्यामागून वाक्य.

उत्तरेकडचं एक लहान गाव. वडील ट्रक चालवतात. रात्रपाळी करून आलेला बाप पोराला पहाटे तसाच गाडीत घालून दोन-दोन तासांवरच्या मैदानांवर घेऊन जायचा आणि पोरगा खेळेपर्यंत गाडीत झोपायचा. सतराव्या वर्षी त्यांच्या काउंटीने, म्हणजे तिथल्या जिल्ह्याच्या मोठ्या संघाने, त्याला हेरलं. एकोणिसाव्या वर्षी पहिलं कॉन्ट्रॅक्ट. मग एकदा घोटा, एकदा बरगडीखालचा स्नायू, परत घोटा. पाच वर्षांत पहिल्या संघातून मोजक्या मॅचेस, बाकी दुसऱ्या संघात, जिथे बघायला कुणी येत नाही. दर सप्टेंबरात सगळ्यांना एकेक करून एका खोलीत बोलावतात. पुढच्या वर्षी तू हवायस किंवा नकोयस. दोन मिनिटांत बाहेर. त्याच्याबरोबर सुरुवात केलेल्या सहा जणांपैकी पाच जणांचं सामान त्याने स्वतः उचलून त्यांच्या गाडीत ठेवलं होतं.

"म्हणजे दर वर्षी नव्याने मुलगी दाखवायची," सासूबाई म्हणाल्या. मी ते त्याला इंग्लिशमध्ये सांगितलं. तो इतका हसला की थालीपीठ ताटात पडलं.

त्याचं एका वर्षाचं कॉन्ट्रॅक्ट उरलं होतं. येता उन्हाळा चांगला गेला तर पुढे दोन-तीन वर्षं मिळतील, नाही गेला तर संपलं. मार्चअखेर धडधाकट परत जायचं, एवढंच त्याच्या डोक्यात होतं. काउंटीने इथे येताना त्याला एकच अट घातली होती. कुठेही जरा दुखलं तर त्याच दिवशी त्यांच्या फिजिओला कळवायचं.

आणि अशा मुलाचं आमच्या मंडळींनी काय केलं?

मंगळवारी आणि गुरुवारी नेट्स असायची. त्याने शिकवायचं असं ठरलं होतं. पहिल्याच मंगळवारी आमच्या एका प्रोजेक्ट मॅनेजरने त्याला म्हटलं, "मला एक ओव्हर टाक ना, फुल स्पीडने, व्हिडिओ काढायचाय." त्याने टाकली. व्हिडिओ पुण्याच्या शाळेच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर गेला, "काउंटी बोलरला खेळताना" म्हणून. तिकडून वाहवा आली. मग काय, गुरुवारी रांगच लागली. प्रत्येकाला एक ओव्हर हवी. कुणाची बॅट वेळेवर येत नव्हती, कुणाचं पोट बॅटच्या आधी येत होतं, पण प्रत्येकाला व्हिडिओ हवा. नीट आला नाही तर परत एक ओव्हर. हा आमचा रिवाजच पडला. शिकवणं राहिलं बाजूला. मॅचमध्ये तो जेवढे बॉल टाकायचा त्याहून जास्त या हौशी फौजेला टाकायचा, तेही सिमेंटच्या पट्टीवर. घोट्यांना विचारा सिमेंट म्हणजे काय ते.

तो नाही म्हणायचा नाही. त्याला वाटायचं हे लोक मला जेवायला घालतात. दर रविवारी एका घरी जेवण असायचं ना. पाहुणचार म्हणे. पुरणपोळी वाढायची, आग्रह करायचा आणि मंगळवारी वसूल करायचं.

जानेवारीच्या शेवटी मी त्याला गाडीतून उतरताना पाहिलं. आधी डावा पाय बाहेर, मग हात दारावर, मग अंग सगळं एका बाजूने वर. असे उतरणारे मुलगे मी हॉस्पिटलात पाहिलेत. माझी नऊ वर्षांची मुलगी अंगणात सायकल चालवत होती. तीसुद्धा म्हणाली, "आई, ही इज लिंपिंग हेप्स." खूपच लंगडतोय, हे तिच्या इथल्या शाळेतल्या भाषेत.

मी त्याला स्वयंपाकघरात उभं केलं. म्हटलं, डाव्या पायावर उभा राहा आणि हळूच मागे वाक. तो उजव्या हाताने बोलिंग करणारा, आणि अशा मुलांची पाठ खाली डाव्या बाजूला तडकते. पुढचा पाय आपटताना सगळं अंग तिथेच पिळलं जातं, रोज, शेकडो वेळा. तो मागे वाकला आणि ओट्याची कडा धरून तसाच राहिला. घाम फुटला. उजव्या पायावर उभा केला, काही नाही. डाव्या पायावर परत, तेच.

मी त्याला स्पष्ट सांगितलं. मणक्याच्या हाडाला तडा जात असावा. आता थांबलास तर तीन-चार महिन्यांत भरून येईल. चालू ठेवलंस तर आरपार तुटेल. उद्या स्कॅन कर आणि आज तुझ्या लोकांना कळव.

तो खुर्चीत बसला आणि लहान मुलासारखा रडला. आता कळवलं तर ते लगेच परत बोलावतील, उन्हाळ्याची सुरुवात हुकेल, आणि त्याच्या जागेवर दुसरा तयार आहे, एकोणीस वर्षांचा, त्याच्याहून वेगवान. "मला फक्त मार्चपर्यंत जाऊ दे. मग घरी गेल्यावर सांगतो. प्लीज, वहिनी, तू कुणाला सांगू नकोस." मी म्हटलं, तुझ्या काउंटीला मी सांगणार नाही, ते तुझं काम आहे. पण घरात सांगणार.

संध्याकाळी नवऱ्याला सांगितलं. तो लॅपटॉपमधून डोकं वर न काढता म्हणाला, "अगं, फास्ट बोलर आहे तो. फास्ट बोलरला दुखतंच. हे त्याचं रोजचं आहे."

"मी तपासलंय त्याला."

"तू इथे रजिस्टर्ड नाहीयेस. उगाच डायग्नोसिस काढत बसू नकोस. भलतंच अंगाशी येईल."

हे वाक्य मला जिव्हारी लागलं, कारण ते खरं होतं. इथे येऊन मला चार वर्षं झाली होती. पुण्याची पदवी इथे चालत नाही. कागद पाठवा, परत पाठवा, हा विषय किती तास शिकलात ते कॉलेजकडून लिहून आणा, परीक्षा द्या, मग थांबा. तोवर मी वृद्धाश्रमात आज्ज्यांना अंघोळ घालत होते. त्या कामाची मला लाज नाही. पण तिथे एका आजींचा खुबा निसटलाय हे मी सांगितलं तेव्हा वीस वर्षांच्या नर्सने मला "थँक यू, डिअर" म्हणून बाहेर पाठवलं होतं, आणि खुबा निसटलेलाच निघाला. माझा अर्ज आता शेवटच्या टप्प्यात होता. रजिस्ट्रेशन नसताना कुणावर उपचार केले आणि तक्रार झाली तर अर्ज गेला कचऱ्यात. नवऱ्याला हे ठाऊक होतं, म्हणून तो बोलला. पण त्याने बायकोची काळजी आणि कॅप्टनची सोय एकाच वाक्यात साधली, हेही मला कळत होतं.

घरात खरं बोलल्या त्या फक्त सासूबाई. त्या रोज संध्याकाळी त्याच्या पाठीला तेल लावायच्या, ओव्याची पुरचुंडी तव्यावर गरम करून शेकायच्या. मला ते पटत नव्हतं. आराम वाटला की तो दुसऱ्या दिवशी परत धावणार, आणि नेमकं तेच होत होतं. पण निदान त्या डोळे उघडे ठेवून शेकत होत्या. एका रात्री जेवताना त्यांनी मुलाला सुनावलं, "माझ्या माहेरी अमावस्येला बैल जुंपत नसत. तुमच्याकडे आहे का एखादी अमावस्या?" नवऱ्याने "आई, तुला क्रिकेटमधलं काय कळतं" म्हणून वरण मागून घेतलं.

फेब्रुवारी असाच गेला. तो गोळ्या खायचा आणि खेळायचा. विकेट्सही काढायचा. टीम जिंकत गेली, आणि शेवटच्या शनिवारची मॅच जिंकली तर वरची ग्रेड नक्की, इथपर्यंत गोष्ट आली. त्याच्या आधीच्या बुधवारी तो सकाळी पलंगावरून उठू शकला नाही.

गुरुवारी संध्याकाळी आमच्या दिवाणखान्यात क्लबची कमिटी जमली. पाच जण. मी चहा ठेवला, चिवडा दिला. मला वाटलं, आता तरी अक्कल आली असेल, त्याला स्कॅनला कधी न्यायचं ते ठरवायला आले असतील. अध्यक्षांनी चहाचा कप खाली ठेवला आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "वहिनी, तुम्ही तर एवढ्या क्वालिफाइड. पुण्याला केवढं नाव होतं म्हणे तुमचं. काहीतरी करा. फक्त शनिवारपुरता त्याला उभा करा."

"पाठ तडकलीय त्याची," मी म्हटलं.

"हो ना, म्हणूनच तुमच्याकडे आलोय. ते टेप वगैरे लावतात ना, इंटरनॅशनल प्लेयर्सना? तुम्हालाच जमेल ते. आमच्यासारख्याला थोडंच येणार."

दुसरा म्हणाला, "डॉक्टर, आता सगळं तुमच्या हातात." मला डॉक्टर म्हणाला तो. चार वर्षं याच माणसाच्या बायकोने मला "तू अजून ते म्हाताऱ्यांचंच करतेस का गं" म्हणून विचारलं होतं. नवरा कोपऱ्यात बसला होता. ज्या तोंडाने मला रजिस्टर्ड नाहीस म्हणाला ते तोंड आता चिवड्याने भरलं होतं.

आता मी हे लिहिणार आहे ते नीट वाचा, कारण इतका वेळ मी दुसऱ्यांवर आग पाखडतेय. मला बरं वाटलं. पाच पुरुष माझ्याकडे आशेने बघत होते, मी काय म्हणते त्याची वाट बघत होते, आणि मला बरं वाटलं. माझ्या हातांना काय येतं ते कुणीतरी विचारत होतं. मी म्हणू शकले असते की उठा, चहा झाला, आता निघा. एरवी मी कुणालाही फाडकन बोलते. त्या दिवशी मी टेप कापायची कात्री कुठे ठेवलीय ते आठवत होते.

शनिवारी सकाळी त्याला डायनिंग टेबलावर पालथं झोपवून मी टेप लावला. पुण्याहून येताना बॅगेत आणलेला, पांढरा, न ताणला जाणारा. पाठीवर उभे पट्टे, आडवे पट्टे, कमरेवरून तिरके. सुरेख काम केलं मी. चार वर्षांनी हातात कला परत आली होती. तो उठून उभा राहिला, वाकून बघितलं आणि म्हणाला, "वहिनी, तू आमच्या फिजिओपेक्षा भारी आहेस." मी खूश झाले. त्याच्या बुटाला अंगठ्याजवळ त्याने भोक पाडलेलं असायचं, आपटून नख काळं होऊ नये म्हणून. त्यातून अंगठा हलवून त्याने सासूबाईंना टाटा केला. सासूबाई माझ्याकडे बघत राहिल्या. 

मैदानावर मी दिवसभर होते. एका टोकाने तो, फक्त तो. आमचे बाकीचे बोलर दुसऱ्या टोकाने धावा वाटत होते आणि नवरा परत परत बॉल त्याच्याच हातात देत होता. जेवणानंतर त्याचा वेग उतरला, मग त्याने पाऊल आखूड टाकायला सुरुवात केली. समोरच्यांच्या दोन विकेट्स राहिल्या होत्या. तो धावत आला, डावा पाय आपटला, बॉल गेला आणि तो पुढे जाऊन हातांवर पडला. उठला. नवरा त्याच्याजवळ गेला. मला वाटलं, आता बाहेर आणतो. काय बोलणं झालं कोण जाणे, तो परत मागे चालत गेला. त्या ओव्हरचे राहिलेले तीन बॉल त्याने टाकले. दुसऱ्या बॉलवर विकेट मिळाली. पुढची कुणी काढली मला माहीत नाही. मी तोवर कुंपण ओलांडून मैदानात शिरले होते आणि पंच मला हाताने बाहेर जायला सांगत होते, तर मी त्यांच्यावरच ओरडत होते.

आम्ही जिंकलो. हे "आम्ही" लिहिताना माझं मलाच कसंतरी होतं. त्याला सीमारेषेजवळ चटईवर आडवं केलं होतं, मी त्याचे पाय तपासत होते, बोटांत जाणीव आहे का बघत होते. तेवढ्यात अध्यक्ष जिंकलेला कप घेऊन आले. ग्रुप फोटो काढायचा होता. "प्रोशिवाय फोटो कसा?" म्हणून दोघांनी त्याला काखेत हात घालून उभा केला. मी ओरडले. मैदानावरच्या सगळ्यांनी वळून बघावं इतकी ओरडले. त्यातला एक म्हणाला, "वहिनी, दोन सेकंद." तो फोटो अजून क्लबच्या भिंतीवर आहे. त्यात तो हसतोय, आणि त्याचे दोन्ही पाय जमिनीला लागलेले नाहीत.

स्कॅन सोमवारी झालं. हाड दोन्ही बाजूंनी तुटलं होतं आणि मणका पुढे सरकला होता. ऑपरेशन लागणार, आणि त्यानंतरही वेगवान बोलिंग विसरा, असं डॉक्टरांनी त्याला सांगितलं. तो फक्त "राइट" म्हणाला. गाडीत मागच्या सीटवर आडवा पडून आला.  पुढचे दोन आठवडे मी नवऱ्याशी बोलले नाही.

स्कॅनचे कागद त्याने काउंटीला पाठवले होते, आणि बुधवारी सकाळी त्यांचा फोन यायचा होता. तिकडे संध्याकाळ होती. त्याला बसता येत नव्हतं म्हणून तो दिवाणखान्यात गालिच्यावर पडून होता, फोन छातीवर, स्पीकर लावलेला. नवरा कामावर गेला होता. सासूबाई देवघरात होत्या. मी त्याच्या शेजारी खुर्चीवर बसले होते, कारण त्यानेच मला बसायला सांगितलं होतं.

फोनवर दोघे होते, क्रिकेटचा कारभार बघणारे एक गृहस्थ आणि त्यांची फिजिओ. गृहस्थ चिडलेले नव्हते. उलट फार शांतपणे त्यांनी त्याला समजावलं. दुखणं लपवून खेळलास, ही कॉन्ट्रॅक्ट मोडण्याची गोष्ट आहे. त्याला आम्ही काही करू शकत नाही. पण तिथे कुणा जाणकाराने तुला तपासलं असेल, आणि खेळ म्हणाले असतील, तर चूक तुझ्या एकट्याची राहत नाही. मग ऑपरेशन आमच्याकडून होईल, बरं होईपर्यंत आम्ही सांभाळू, पुढे कोचिंगमध्येही काही बघता येईल. म्हणून नीट आठवून सांग.

मग फिजिओने विचारलं, "तुझ्या पाठीवर टेप होता, असं स्कॅनच्या कागदावर लिहिलंय. कुणी लावला?"

त्याने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. माझा अर्ज कुठवर आलाय हे त्याला ठाऊक होतं. थालीपीठ खाताना मीच सांगितलं होतं, परीक्षा कधी झाली, निकाल कधी लागला, आता फक्त पत्र यायचं राहिलंय. सासूबाई त्या पत्रासाठी रोज दिवा लावतात हेही त्याला ठाऊक होतं.

"मीच लावला," तो म्हणाला. "व्हिडिओ बघून."

"एकट्याने? पाठीवर?"

"हो."

"तिथे कुणीच नव्हतं? फिजिओ, डॉक्टर, थोडंफार जाणणारं कुणीही?"

"नाही. इथे तसं कुणीच नाही."

मी वाकून एक शब्द बोलले असते तरी तो फोनला ऐकू गेला असता. मीच होते, मी तपासलं होतं, मला माहीत होतं. इंग्लिश मला येतं. मी पंचांवर ओरडले होते, फोटो काढणाऱ्यांवर ओरडले होते, घरात महिनाभर भांडी आपटली होती. त्या खुर्चीवर मात्र मी हात मांडीवर ठेवून बसून राहिले, एखाद्या शहाण्या मुलीसारखी.

फोन संपल्यावर त्याने डोळे मिटून घेतले. म्हणाला, "तुझं तरी होऊ दे." मी उठून स्वयंपाकघरात गेले आणि त्याच्यासाठी चहा केला.

आठवड्याने तो चाकाच्या खुर्चीतून विमानतळावर गेला. काउंटीने कॉन्ट्रॅक्ट संपवल्याचं पत्र त्याच्या आधी त्याच्या घरी पोचलं होतं. माझं पत्र त्यानंतर तीन आठवड्यांनी आलं. नवरा ऑफिसातून परस्पर सँडरिंगहॅमच्या भारतीय दुकानांत जाऊन पेढे घेऊन आला. मी डबा उघडला नाही. सासूबाईंनी देवापुढे ठेवला आणि दुसऱ्या दिवशी शेजारच्या सामोअन बाईंना देऊन टाकला.

त्याच रात्री मी त्याला मेसेज लिहिला. आता मी रजिस्टर्ड आहे. तुझ्या काउंटीला मी पत्र लिहिते, तपासलं मी, टेप लावला मी, मला सगळं माहीत होतं, आणि त्या शनिवारी तुला मैदानावर मी पाठवलं. त्यांनी तुला म्हटलं होतं ना, जाणकार होता तर गोष्ट वेगळी. मग होऊ दे वेगळी.

दोन दिवसांनी उत्तर आलं. तो वडिलांच्या ट्रकमधून त्यांच्याबरोबर जातो. माल उचलता येत नाही, पण कागदपत्रं सांभाळतो. ऑपरेशनसाठी सरकारी दवाखान्यात नंबर लावलाय, वेळ आहे अजून. त्याचा लॉकर त्या एकोणीस वर्षांच्या मुलाला दिलाय. "तू आता लिहिलंस तर ते तुझ्या रजिस्ट्रेशनवाल्यांना लिहितील, आणि मग दोघांचंही गेलं. राहू दे, वहिनी. लिहू नकोस."

मी नाही लिहिलं. आईचं, वडिलांचं, नवऱ्याचं, सासरच्यांचं, कुणाचंही मी वाद घातल्याशिवाय कधी ऐकलेलं नाही. त्याचं मी एका मिनिटात ऐकलं.